उभी टाचणी, आडवी टाचणी

‘नाही’ हा शब्द तोंडातून एकदाही न काढता माणूस साठी ओलांडू शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण माझ्या आत्याचे मोठे दीर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. अख्खा तालुका त्यांना अप्पा म्हणतो, म्हणून मीही अप्पाच म्हणते. वळसंगचे. आमच्याकडच्या एका आमदारांचा मुंबईतला सगळा कारभार त्यांनी पंचवीसेक वर्षं सांभाळला. आमदारांना सरकारने दिलेला पीए वेगळा होता, त्याला टेबल होतं, खुर्ची होती, नावाची पाटी होती. अप्पांना यातलं काहीच नव्हतं. ते एका लोखंडी ट्रंकेवर बसायचे आणि समोर आलेल्या प्रत्येक माणसाला ‘व्हय की’ म्हणायचे. चहात साखर नको ना, असं विचारलं तरी ‘व्हय, नको,’ असं उत्तर यायचं. जेवलात का विचारलं तर ‘व्हय.’ पोटात सकाळपासून अन्नाचा कण नसला तरी ‘व्हय.’ उगाच आपल्यासाठी कुणाला उठायला लागू नये, एवढंच त्यामागे असायचं.

त्यांच्या होकाराच्या पायऱ्या ओळखायला मला दोन आठवडे लागले. ‘व्हतंय की’ म्हणजे काम होणार. ‘बगू की’ म्हणजे होऊ शकेल, पण नवस बोलून ठेवा. आणि ‘व्हय व्हय व्हय’ असं तीनदा एका दमात आलं, की समोरच्याने परतीचं तिकीट काढावं. अडचण एवढीच, की ऐकणाऱ्याला हे ठाऊक नसायचं. तिन्ही प्रकारचे लोक सारख्याच आनंदात जिना उतरायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तीन महिने लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात काम करून अहवाल द्यायचा, असं आमच्या सोलापूरच्या कॉलेजने नव्यानेच काढलं होतं. वडिलांनी आत्याला फोन केला, आत्याने अप्पांना केला, अप्पा म्हणाले ‘व्हय की’ आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मुंबईत मावशीच्या घरी येऊन थडकले. बॅगेत तीन रंगांचे हायलायटर, नवी कोरी वही आणि डोक्यात भयंकर कल्पना. विधेयकं कशी तयार होतात ते मी पाहणार होते. जमलं तर एखाद्या विधेयकात स्वल्पविराम तरी माझा असावा, अशी माझी माफक अपेक्षा होती. त्या वयात मला स्वतःबद्दल फारच चांगलं मत होतं आणि ते लपवायची मला सवय नव्हती.

आमदार निवासातल्या त्या दोन खोल्यांत मी सकाळी आठला पोचले, तेव्हा आत सतरा माणसं होती. कुणी दात घासत होतं, कुणी एक्स-रेचं पाकीट उजेडाला धरून आपलं हाड शोधत होतं, एक आजोबा गॅलरीत धोतर वाळवत उभे होते. उपचाराला आलेले, मंत्रालयात फाईल अडकलेले, मुलाखतीला आलेले, सगळे मतदारसंघातले. मधोमध ट्रंकेवर अप्पा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘‘ऊट आतेनु?’’

वळसंगकडची माणसं घरात कानडी बोलतात, बाहेर मराठी आणि गडबडीत दोन्ही. ‘जेवण झालं का’ हा त्यांचा प्रश्न मंत्र्यांनाही कानडीतच जायचा. मी नाश्ता झाल्याचं सांगितलं.

‘‘मग बस. ह्या अंघोळीच्या नंबराचं तू बग. ज्याचा एक्स-रे आधी, त्येची अंघोळ आधी. मंत्रालयवाल्यांला घाई नसती, त्यांची फाईल कुटं पळून जात न्हाय.’’

माझ्या अहवालाचं पहिलं वाक्य ‘संसदीय लोकशाहीत लोकप्रतिनिधीची भूमिका’ असं मी घरूनच लिहून नेलं होतं. त्याखाली त्या दिवशी मी सतरा माणसांचा न्हाणीचा क्रम लिहिला.

(‘फाईल पळून जात न्हाय’ असं त्यांनी म्हटलं, मग ‘नाही’ कसं म्हणाले नाहीत, असं वाचकांपैकी एखादा माझ्यासारखाच शिष्ट विचारेल. तर फाईलला ते नाही म्हणायचे. माणसाला नाही.)

अप्पांना नावं लक्षात राहत नसत. माणूस ज्या कामासाठी आला, तेच त्याचं नाव. ‘‘मुतखडा, चहा घे.’’ ‘‘बदली, तुजा फोन आलाय.’’ ‘‘ते विहिरीचं अनुदान कुटं गेलं? तंबाखू खायला?’’ मुतखडा म्हणजे वळसंगचेच एक गृहस्थ. त्यांचा खडा पडून सहा वर्षं झाली होती. आता ते नातवाच्या प्रवेशासाठी आले होते, पण अप्पांच्या लेखी मुतखडाच. स्वतःच्या नातवासमोर मुतखडा म्हणून हाक आली, की ते बिचारे पटकन उठून यायचे, दुसऱ्यांदा हाक येऊ नये म्हणून. अकलूज खरं तर आमच्या मतदारसंघात नाही, तिथल्या माणसांना त्यांचे आमदार आहेत. तरी ‘अकलूजची किडनी’ महिन्यातून दोनदा आमच्याकडे मुक्कामाला असायची. मी नियमावर बोट ठेवलं, तर अप्पा म्हणाले, ‘‘किडनीला मतदारसंघ असतो व्हय?’’ मला त्यांनी अर्थातच ‘इंटर्नशिप’ हे नाव ठेवलं. ‘‘इंटर्नशिप, खालून लिंबं आन गं.’’

मंत्रालयात ते कधी लिफ्टने चढले नाहीत. लिफ्टमध्ये आपल्याच मजल्याची माणसं भेटतात, जिन्यात सगळ्या मजल्यांची, असा त्यांचा हिशेब. सहा मजले चढायला त्यांना दीड तास लागायचा, कारण प्रत्येक वळणावर कुणाची तरी आई, कुणाचा तरी गुडघा, कुणाच्या तरी मुलीचं लग्न उभं असायचं. काखेत पिशवी आणि पिशवीत शेंगाचटणीच्या पुड्या. त्यातही विभागवार तिखटपणा ठरलेला. जिथे काम लवकर होतं तिथे बेताची, जिथे फाईल झोपते तिथे जहाल. ‘‘जागं ऱ्हायला पायजे की त्यांनी,’’ असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. सोलापूरचा माणूस म्हटल्यावर लोक चादरीची अपेक्षा ठेवत. पण चादर अप्पा फक्त निवृत्त होणाऱ्याला द्यायचे. नोकरीत असलेल्या माणसाला पांघरूण देणं त्यांना धोक्याचं वाटायचं.

आणि टाचण्या. अप्पांच्या पांढऱ्या शर्टाच्या बटणपट्टीवर वरपासून खालपर्यंत टाचण्यांची रांग खोचलेली असायची. आमदारांचं शिफारसपत्र वर, माणसाचा अर्ज खाली आणि डाव्या कोपऱ्यात टाचणी, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. एका निवडणुकीत निकाल लागल्यावर आमदारसाहेबांनी भर मंडपात, कॅमेऱ्यांसमोर, अप्पांना कडकडून मिठी मारली होती. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत साहेबांच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं आणि सगळ्या तालुक्याला साहेबांच्या कृतज्ञतेचं फार कौतुक वाटलं. खरं कारण अप्पांनी मला सांगितलं, ‘‘चार टोचल्या हुत्या.’’

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक परिचारिका आली होती. आमच्या वळसंगच्याच बाजूची, नोकरी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रात्रपाळी करून तशीच गाडीत बसलेली, डोळे सुजलेले. तिची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली होती आणि नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. गावाकडे आईपाशी तिची आठ वर्षांची मुलगी राहायची, शेजारीपाजारी बघायचे. ‘‘माजी पोरगी आजीला भरवती, आजीची वेणी बी घालती,’’ ती म्हणाली, ‘‘पर तिची वेणी घालाया कोन न्हाय, म्हून तिचं केस कापून टाकलं.’’ तेवढंच बोलली आणि पदराने नाक पुसून अर्ज पुढे केला. सोलापूरला बदली हवी होती. अप्पांनी तिला कडक भाकरी आणि दही खायला घातलं आणि ‘व्हतंय की’ म्हणाले. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं ‘वेणी’.

मग गड्ड्याची जत्रा आली. सिद्धेश्वराच्या त्या जत्रेला अप्पा सोलापुरात नसतील तर बहुधा ती भरतच नसावी, अशी त्यांची समजूत होती. चार दिवसांसाठी ते गेले आणि कार्यालय माझ्या हाती आलं. सरकारी पीएला माझ्याइतका उत्साह नव्हता, तो म्हणाला, काय करायचं ते कर.

ट्रंकेवरच्या ट्रेमध्ये सही झालेली साठ-पासष्ट पत्रं पडली होती. टाचण्या कशाही लावलेल्या. काही उभ्या, काही आडव्या, बऱ्याच गंजलेल्या, दोन मला टोचल्या. हा काय कारभार, मी म्हटलं. एकविसाव्या शतकात टाचण्या! मी खाली उतरले, स्वतःच्या खर्चाने लाल रंगाचा दणदणीत स्टेपलर आणला, सगळ्या टाचण्या काढल्या, डबीत भरल्या आणि सगळ्याच्या सगळ्या पत्रांना एकाच कोपऱ्यात, एकाच कोनात खाटखाट पिना मारल्या. पट्टी लावून तपासलं तरी फरक दिसला नसता. मग ती विभागवार लावून, जावक नोंदवहीत चढवून, स्वतः मंत्रालयात नेऊन दिली. लिफ्टने. संध्याकाळी अहवालात मी एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, ‘कार्यालयीन कामकाजातील सुधारणा’.

अप्पा परत आले, रिकामा ट्रे पाहिला, डबीतल्या टाचण्या पाहिल्या, स्टेपलर हातात घेऊन उलटासुलटा केला. मी कौतुकाची वाट बघत उभी होते.

‘‘समदी लावली ह्येनं?’’

‘‘सगळी. आणि पोचवूनही आले.’’

‘‘व्हय व्हय व्हय,’’ अप्पा म्हणाले आणि ट्रंकेवर बसले.

पुढच्या महिन्याभरात जे झालं ते कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकात नाही. पेढे यायला लागले. एका वस्तीवरचे गृहस्थ गेली नऊ वर्षं मागणी करत होते, की आमच्या वस्तीपासून थेट माझ्या मेहुण्याच्या गावापर्यंत एसटी सुरू करा. ती प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. अकरा दिवस चालली, अकराही दिवस त्यात ते एकटेच बसून गेले आणि शेवटी मेहुण्यानेच बंद करायला अर्ज दिला. एका निवृत्त गुरुजींना कुठल्यातरी शासकीय समितीवर जायचं होतं, ‘कोणतीही चालेल’ असं त्यांनी अर्जात लिहिलं होतं. त्यांची उंदीर नियंत्रणाच्या सल्लागार समितीवर नेमणूक झाली. ते फेटा बांधून आभार मानायला आले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. कार्यक्षमता म्हणतात ती हीच! अप्पांनी मात्र एकही पेढा तोंडात घातला नाही. पेढा हातात धरून नुसते बघत बसायचे.

फेब्रुवारी संपता संपता वेणीचा फोन आला. मीच उचलला. सोलापूरची ती एकच रिकामी जागा दुसऱ्या कुणाला मिळतेय, आदेश तयार आहे, फक्त सही व्हायचीय, असं तिला कळलं होतं. ती भांडली नाही की रडली नाही. ‘‘अप्पांला म्हणावं, तुमी लई केलंसा,’’ एवढंच म्हणाली. ते ऐकून मला कानाखाली बसल्यासारखं झालं.

अप्पांनी मला समोर बसवलं आणि शर्टावरची एक टाचणी काढली. जमिनीवर आधी उभी धरली, मग आडवी ठेवली.

‘‘उभी म्हंजे, ह्ये मी सोता बगितलंय, खरं हाय, जरूर करा. आडवी म्हंजे, मानूस दारात आला हुता, पत्र दिलंय, तुमी तुमच्या नियमानं बगा. वरच्या समद्या टेबलांस्नी ठावं हाय. पंचवीस वर्सं.’’

मी हबकले. ‘‘आणि मी...’’

‘‘तू मशीन मारलंस. ते म्हनले, मशीन मारलंय म्हंजे साहेबांनी लईच मनावर घेतलंय. समदीच केली की त्यांनी.’’

वेणीच्या जागेसाठी आमच्याच कार्यालयातून दोन पत्रं गेली होती. दुसरं होतं साहेबांच्या अगदी जवळच्या एका कार्यकर्त्याच्या वहिनीसाठी. तीही परिचारिका, पुण्याला होती आणि तिने सोलापुरात बंगला बांधला होता. वेणीची टाचणी उभी होती, तिची आडवी. मी दोघींना सारखीच पीन मारली होती, पट्टी लावून.

चूक आपली असली की माणूस दुसऱ्याची शोधायला लागतो. मीही तेच केलं. ‘‘मग आडवीवाल्यांना तोंडावर सरळ नाही म्हणायचं ना, अप्पा! पत्र द्यायचं आणि आतून काम करू नका सांगायचं, ही फसवणूक झाली.’’

‘‘व्हय,’’ अप्पा म्हणाले. नुसतं ‘व्हय’, पुढे ‘की’ नाही. मग टाचणी परत शर्टाला खोचत म्हणाले, ‘‘मानूस चारशे किलोमीटरवरनं येतंय गं. मला न्हाय जमत.’’

त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हताच. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि आम्ही मंत्रालयात गेलो. त्या दिवशी जिन्यात ते कुणाशीही बोलले नाहीत. चौथ्या मजल्यावर एकाने ‘अप्पा, चटणी?’ म्हणून हात पुढे केला, तर त्याला नुसता नमस्कार करून पुढे गेले. संबंधित टेबलावर त्यांनी वेणीचं पत्र मागून घेतलं, माझी पीन नखाने उचकटून काढली, त्यात नख फाटलं, आणि शर्टावरची टाचणी काढून सगळ्यांसमोर उभी लावली. दुसऱ्या पत्रालाही तसंच, पण आडवी. ‘‘चूक झाली,’’ ते त्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले, ‘‘माज्या हातनं.’’ मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

बाई म्हणाल्या, ‘‘अप्पा, फिरवता येईल. दोघींच्या अडचणी पाहिल्या तर नियमानेही हिचाच हक्क आधी लागतो. पण तुमच्या त्या कार्यकर्त्याचा रोज फोन येतो. त्यांना तुम्हीच सांगा. स्पष्ट सांगा. नाहीतर उद्या साहेबांकडून तिसरं पत्र येईल.’’

म्हणजे अप्पांना नाही म्हणावं लागणार होतं. माणसाला.

परत आल्यावर ते गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी डोकावले, तर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतराच्या आड उभे राहून पुटपुटत होते. ‘‘न्हाय व्हनार की... न्हाय व्हनार बगा की...’’ शेवटी मला हाक मारली. ‘‘इंटर्नशिप, तुमी शिकलेली मानसं कसं म्हनता गं?’’ मी म्हटलं, अप्पा, ‘नाही होणार’ म्हणायचं आणि थांबायचं. पुढे ‘की’ लावायचा नाही, ‘बघू’ म्हणायचं नाही, चहा विचारायचा नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान डोलावली. आम्ही सहा वेळा तालीम केली. मी कार्यकर्ता झाले, ते अप्पा झाले. सहापैकी चार वेळा त्यांनी मला बदली देऊन टाकली.

मग फोन लावला. खोलीतल्या सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. मुतखडासुद्धा हातातली बशी खाली ठेवून बघत राहिले. पलीकडून मोठ्या आवाजात बोलणं ऐकू येत होतं.

‘‘न्हाय व्हनार,’’ अप्पा म्हणाले. आणि थांबले.

पलीकडून ‘काय?’ एवढंच आलं. मग पुन्हा आवाज चढला. अप्पांनी डोळे मिटून घेतले. ‘‘न्हाय. त्या बाईचं खरं हाय. तुमचं न्हाय.’’ आणि फोन ठेवायच्या आधी त्यांना अगदीच राहवलं नाही. ‘‘ऊट आतेनु?’’ त्यांनी विचारलं. पलीकडून फोन आपटला गेला.

वेणी मार्चमध्ये सोलापूरला रुजू झाली. आणि मार्चमध्येच साहेबांनी अप्पांना बोलावून, खांद्यावर हात ठेवून, तुमचं आता वय झालं, मुंबईची दगदग पुरे, गावाकडचं बघा, असं सांगितलं. कार्यकर्त्याने काय काय कानावर घातलं असेल ते सांगायला नको. मी साहेबांना खरं सांगायला निघाले होते. पत्रं मी पाठवली, घोळ मी केला. अप्पांनी मला दारातच अडवलं. ‘‘तुजा अहवाल व्हायचाय अजून. होग्ली बिडु.’’ जाऊ दे, सोडून दे. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की मी ऐकलं. ऐकायला नको होतं. एकवीस वर्षांची होते, घाबरले होते, हे खरं असलं तरी ते कारण मला आजही पुरत नाही. पंचवीस वर्षं बसलेल्या जागेवरून तो माणूस माझ्या लाल स्टेपलरमुळे उठला.

निघताना त्यांनी मला कामाचा दाखला दिला. आमदारांच्या लेटरहेडवर चार ओळी आणि खाली माझा अहवाल. मी जिन्यात येऊन कोपरा पाहिला. टाचणी उभी होती. कॉलेजात अहवाल सादर करताना सरांनी विचारलं, स्टेपलर नव्हता का? मी म्हटलं, होता. त्यातलं सुधारणांचं प्रकरण मी फाडून टाकलं होतं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी परीक्षा देऊन सोलापुरातच एका सरकारी कार्यालयात लागले. अप्पा वळसंगला असतात. एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर सकाळी जाऊन बसतात आणि लोकांच्या अडचणी ऐकतात. म्हणजे ऐकायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना ऐकूच येईनासं झालं. लोक तरी सोडत नाहीत, ते कानाशी जाऊन ओरडतात. त्यामुळे वळसंगात आता कुणाचीही अडचण खाजगी राहिलेली नाही. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाला मूळव्याध झाली, सगळं थांब्यावरच्या एसटीतल्या प्रवाशांनाही कळतं. अप्पा प्रत्येकाला ‘व्हय की’ म्हणतात. काय ऐकलं ते त्यांनाच माहीत. मी कधीमधी जायची, शेजारी बसायची, ओरडून काही सांगण्यासारखं नसायचं, म्हणून नुसती बसून यायची. कानाचं दाखवा म्हणून मी वहीवर लिहून दिलं, तर त्यावरही ‘व्हय की.’

मागच्या महिन्यात ज्येष्ठांना श्रवणयंत्र देण्याच्या योजनेचे अर्ज माझ्या टेबलावर आले. शंभरेक असतील. सगळे स्टेपल केलेले. चाळताना अंगठ्याला टोचलं.

वळसंग. अप्पांचं गोल गोल अक्षर. डॉक्टरांचा दाखला, झेरॉक्स, फोटो, सगळं क्रमाने. अर्ज टपालाने आला होता. मी या टेबलावर आहे हे त्यांना ठाऊक होतं. मला एक निरोप दिला असता तर मी घरी जाऊन फॉर्म भरून आणला असता. त्यांनी निरोप दिला नाही, वशिला लावला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिणाऱ्या माणसाने स्वतःसाठी पहिल्यांदा अर्ज लिहिला आणि डाव्या कोपऱ्यात टाचणी लावली होती आडवी. माणूस दारात आला होता. तुम्ही तुमच्या नियमाने बघा.

मला तिथेच, टेबलावरच, रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं, टाचणी फार लागली. नियमाने तो अर्ज पूर्ण बसत होता. कुणालाही काही सांगायची गरज नव्हती आणि आमच्या कार्यालयात त्या खुणेचा अर्थ माझ्याशिवाय कुणाला कळणारही नव्हता. तरी मी टाचणी काढली आणि उभी लावली. आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी सही करताना विचारलंच, ‘‘स्टेपलर संपलाय का?’’ मी ‘व्हय’ म्हटलं.

यंत्रवाटपाच्या दिवशी अप्पा धुतलेला शर्ट घालून आले. बटणपट्टीवर आता एकच टाचणी उरली होती. तंत्रज्ञ मुलीने यंत्र कानात बसवलं, कळ फिरवली. अप्पा दचकले. पंख्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, रांगेतल्या बायकांच्या बडबडीकडे बघितलं. मग मला शोधून काढलं आणि हातातली पोच पुढे धरली. पोचेमागे त्यांच्या अर्जाची झेरॉक्स लावलेली होती, तीत टाचणीही उभी उमटली होती.

‘‘इंटर्नशिप,’’ ते म्हणाले, ‘‘मी आडवी लावली हुती की गं.’’

‘‘व्हय,’’ मी म्हटलं.

ते बाकावर शेजारी बसले, कानाला हात लावून यंत्र जागेवर आहे ना ते पाहत राहिले. सकाळी सातच्या एसटीने निघालेले, आता दुपारचा एक वाजत आला होता. मी हळू आवाजात, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘‘अप्पा, ऊट आतेनु?’’

त्यांना ऐकू आलं. ‘व्हय’ म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

‘‘न्हाय,’’ अप्पा म्हणाले.

मी डबा उघडला.